स

आधी स गेला.
कधी, ते सांगता यायचं नाही. एकतीस वर्षं
भांडुपच्या पालिका शाळेत पहिलीच्या वर्गाला
मी अक्षरं शिकवली, रोज हजेरी घेतली,
आणि हा कधीपासून गैरहजर, माझ्याकडे नोंदच नाही.

भाजीवाला साठ म्हणाला. मी आठ रुपये काढून दिले.
सून फोनवर म्हणाली, फुलं आणलीत का,
मी म्हटलं, मुलं शाळेत गेली.
ती हसली. मीही हसले.
हल्ली सगळे हसले की मी हसते,
जरा उशिरा, मागच्या बाकावरच्या पोरासारखी.

दोष अर्थात तुमचाच होता.
तोंडातल्या तोंडात बोलता. शेवटचा शब्द गिळता.
माझ्या वर्गात असतात तर उभं केलं असतं.
मग मुलगा ओरडून सांगू लागला,
आणि ओरडून विचारलेलं ‘जेवलीस का’
हे ‘जेवलीस का’ राहत नाही.

सोसायटीच्या सभेत सगळ्यांचे हात वर गेले, माझाही गेला.
घरी आल्यावर कळलं, मी खजिनदार झालेय.

पण खरी गोष्ट पाण्याची.
आमच्याकडे पाणी येतं पहाटे पावणेपाचला.
आधी नळ नुसता उसासतो, मग खोकतो, मग धार.
त्या उसाशावर मी जन्मभर उठले, गजर न लावता.
त्या दिवशी जाग आली ती उजाडल्यावर.
पाणी मोरीतून उंबऱ्यावर, उंबऱ्यावरून दोन जिने उतरून
सुर्व्यांच्या दारात.
अर्धा तास बेल वाजवत होते म्हणे.
रागावले नाहीत. वहीचं पान फाडून लिहून दिलं,
गावंडबाई, कान दाखवा.
अक्षर मोठं काढलं होतं, पहिलीतल्या मुलांना काढतात तसं.

शीव हॉस्पिटल. बाकावर सगळे माझ्या वयाचे.
नंबर पुकारला की आम्ही एकमेकांकडे बघायचो,
तुम्हाला बोलावलं का? मला?

काचेच्या खोलीत बसवलं. पलीकडे शगुफ्ता नावाची मुलगी.
आवाज आला की बोट वर करा, म्हणाली.
किती बोटं पाहिली असतील मी वर झालेली,
बाई पाण्याला जाऊ, बाई शूला जाऊ, बाई मी सांगू, बाई मी, मी.
आता माझं बोट. मांडीवरच.
काचेतून दिसायचं, तिचा हात बटणावर हललाय.
आणि काही नाही.
एकदा खोटंच वर केलं.
तिला कळलं. मलाही कळायचं असं.

मग शब्द. ती म्हणेल ते म्हणायचं.
सई. मी म्हटलं, आई.
शेत. मी म्हटलं, पेट?
फणस. मी म्हटलं, पुन्हा सांग बाळा.
पंचविसात आठ. साठ नव्हे, आठच,
पाटीवर लिहून दाखवलं तिने.
काठावर नापास.

वयाने होतं, ती म्हणाली, बारीक आवाज आधी जातात.
पाच-सहा वर्षं तरी झाली असतील, बाई. आधी का नाही आलात?
डोळ्यांना चष्मा लागला तेव्हा मी त्याच आठवड्यात गेले होते.
हे तिला सांगितलं नाही.

एफडी मोडली. मशीन आलं.
पहिल्या दिवशी नको नको झालं.
पिशवी करकरते, पंखा दळण दळतो,
घरात कोणीतरी चपला फरफटत चालतंय,
मीच.
दोनदा काढून डबीत ठेवलं.
रोज थोडं, असं शगुफ्ता म्हणाली होती. मी परत लावलं.

संध्याकाळी शेजारचा शर्विल पाढे म्हणायला आला.
थात एके थात.
थात दुणे चौदा.
थात थत्ते एकोणपन्नाथ.
वर्षभर मी याला शाब्बास म्हणत होते!

इकडे ये रे. जीभ दातांच्या मागे.
पहाटे पाणी यायच्या आधी नळ कसा करतो?
तसा वारा सोड.
सोडला त्याने. अजून जरा.
मीही सोडला, त्याच्याबरोबर.